वाळेपर्यंत भार देऊ नये

मास्तरांच्या मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली आणि जन्मभर साठवलेले सगळे शब्द एका सकाळी निघून गेले. मागे एकच राहिला. तोही घरचा नाही, बाहेरचा, इंग्रजी. सेट.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नाही. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, प्लास्टरची खोली होती. तिथे ते मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचे. लोक आधी प्लास्टरमास्तर म्हणायचे, मग घाईघाईत नुसतं मास्तर, आणि मग बायकोची आपोआप मास्तरीण झाली. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याच्या हुद्द्याने ओळखलं जाणं एकवेळ ठीक, पण जे तो कधी नव्हताच त्या हुद्द्याने ओळखलं जाणं म्हणजे फारच झालं. ती स्वतः त्याच इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती, आणि तिथे तिचा दरारा असा होता की चादर हरवली तर नर्सबाया डॉक्टरांना आधी न सांगता तिला आधी सांगायच्या.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने खुर्ची ओढून बसून समजावलं होतं. बोलण्याचा भाग गेला, समजण्याचा बराचसा शाबूत आहे. उजवी बाजू थोडी सुधारेल, फार नाही. कधीकधी असा एखादाच शब्द मागे राहतो, बहुतेक वापरून वापरून गुळगुळीत झालेला. शेजारच्या खाटेवर एक सभ्य ग्रंथपाल होते, त्यांच्याकडे फक्त एक शिवी उरली होती, आणि त्यांची बायको दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागत बसायची. त्या मानाने सेट बरा, असं मास्तरणीने स्वतःला समजावलं. मास्तरांच्या थोरल्या बहिणीला मात्र ते लागलं. भावाला ताई म्हणायला तोंडात शब्द उरला नाही आणि हा मेला परका उरला, म्हणून ती डोळ्याला पदर लावून गेली, ती पुढे फारशी आली नाही.

एक शब्द म्हणजे एक अर्थ, असं ज्याला वाटतं त्याने मास्तरांच्या घरी एक दिवस राहून बघावं. आखूड आणि पडत्या आवाजातला सेट म्हणजे पुरे, आता चमचा खाली ठेव. लागोपाठ दोनदा आणि दुसरा वर चढलेला, म्हणजे खिडकी. नाकातून ओढलेला म्हणजे समोर बसलेला पाहुणा कंटाळवाणा आहे, त्याला कटव. डोळे मिटून, जेमतेम ओठ हलवून म्हटलेला म्हणजे खांदा दुखतोय पण तू उठू नकोस. आणि तो शेवटचा ऐकला की तिला उठावंच लागायचं.

तसं बघितलं तर धडधाकट माणसंही त्या शब्दाला कुठे विसावा देतात? जावई म्हणतो, नव्या नोकरीत आता सेट झालोय. समोरच्या घरातली बाई केस सेट करून येते आणि सगळ्यांनी बघावं म्हणून दारात उभी राहते. कपाटात कपबश्यांचा सेट, उशाशी सेट केलेला गजर, बिघडलेला टीव्हीचा सेट, भांडण मिटलं तरी सगळं सेट. दहा घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईसारखा तो शब्द, जिथे बोलावतील तिथे राबतो. मास्तरणीला त्याची दयाच यायची. फरक एवढाच, की त्याला दहा घरी वाटून घेतलेलं होतं आणि तिच्या वाट्याला एकच घर होतं, पण त्या घरातून सुटका नव्हती.

सुरुवातीला तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला. लोक भेटायला यायचे, मास्तर म्हणायचे सेट, लोक तिच्याकडे बघायचे, आणि ती म्हणायची, तुमच्या मुलाच्या परीक्षेचं विचारताहेत. मास्तर मान हलवायचे, आणि लोक थक्क व्हायचे. तुम्हाला कळतं तरी कसं हो? पण कौतुकाने पाठ दुखायची थांबत नाही. दुभाष्याला जेवणाची सुट्टी असते, रात्रीची झोप असते. हिला स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, साबणाने भरलेल्या डोळ्यांनीही कान तिकडे लावून ठेवावा लागायचा. मास्तर झोपेतही तो शब्द बोलायचे. तेव्हा ती जागी होऊन हा कुठला सेट, स्वप्नातला की खरा, याचा विचार करत पडून राहायची. जीव मेटाकुटीला येणं म्हणजे काय, ते तिला आता कुणी सांगायला नको होतं.

तो शब्द मास्तरांकडे आला कुठून, हे मात्र तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या शब्दापायीच तिचं लग्न झालं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा ती तरुण होती आणि तोंडाने तिखट. तळमजल्यावरून येणाऱ्या चादरी प्लास्टरने माखलेल्या असायच्या. ते वाळून दगड झालं की यंत्राच्या पोटात अडकायचं आणि वरून बोलणी धुलाईखात्याला. एक दिवस अशीच एक कडक झालेली चादर काखेत मारून ती खाली उतरली, दार ढकललं, आणि नाव ना गाव, थेट सुरू झाली. तुम्हाला चादर आणि फरशी यांतला फरक कळतो का, इथपासून. मास्तर स्टुलावर बसले होते. समोर एक लहान मुलगी, तिचं मनगट त्यांच्या दोन्ही हातांत. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. ही बोलतेय, बोलतेय, आणि तो माणूस ओलं प्लास्टर तळव्यांवर तोलून नुसता बसलाय. बोटं सरळ बाहेर, कुठेही न टेकवलेली. मुलगी म्हणाली, गरम होतंय. ते म्हणाले, होणारच, म्हणजे ते काम करतंय. हिचं बोलणं संपलं, आणि नाइलाजाने तीही तो हात बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने मास्तरांनी मनगट अलगद उशीवर ठेवलं, बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, मान तिरकी करून आवाज ऐकला, म्हणाले, "सेट." आणि हात काढून घेतले.

मग त्या मुलीच्या आईला नेहमीचं सांगून झालं. सेट झालं म्हणजे वाळलं असं नाही. आकार धरलाय फक्त. वाळायला दोन दिवस लागतील, तोवर यावर भार द्यायचा नाही. हे सगळं झाल्यावर ते हिच्याकडे वळले आणि म्हणाले, "हां, आता बोला. मधे सोडता येत नाही हो. बोट टेकलं तर खळगा पडतो, खळग्याखाली कातडी सडते. आता तुमचं काय?" हिच्या रागातली हवाच निघून गेली होती. तिने चादर टेबलावर ठेवली आणि यापुढे खाली जुनी चादर अंथरत जा, एवढंच सांगून ती जिना चढली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा खाली गेली. चादर स्वच्छ होती, तरी गेली.

लग्नानंतर मास्तरांनी तो शब्द घरी आणला आणि घरभर पसरवला. कपाटाचं दार बसवलं, सेट. भाजीत मीठ बरोबर, सेट. लेकीसाठी आलेल्या मुलाला भेटून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, सेट, आणि तिचं लग्न ठरलं. तेव्हा मास्तरीण चिडायची. जरा चार शब्द खर्च करा की, पोस्टात ठेवलेत का, म्हणायची. आता आठवलं की तिला वाटायचं, जीभ ही असली. उचलली आणि टाळ्याला लावली.

आणि मग ती सकाळ आली.

आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. उजाडता उजाडता जरा गुंगी येतेय तोच शेजारच्या खाटेवरून आवाज आला. सेट. मधला, खालच्या पट्टीतला, शेवटी थोडा लाजलेला. तो सेट तिला झोपेतही कळायचा: ओलं झालंय. ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सेट, पुन्हा. तिने श्वास संथ ठेवला. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे काय मास्तरांना माहीत नव्हतं? ते आणखी एकदा म्हणाले, मग गप्प झाले. उन्हं खिडकीतून आत आली, खाटेपर्यंत पोचली, बाहेर गाड्यांचा आवाज वाढला, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या ओल्या चादरींवरून इस्पितळ डोक्यावर घेणारी बाई आपल्या नवऱ्याला ओल्या चादरीत ठेवून भिंतीचे पोपडे बघत राहिली. उठली तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा ती पहिल्यांदाच खोटं बोलली नाही. ओल्या चादरीचं सांगितलं नाही, पण मी दमलेय, एवढं म्हणाली. लेक शनिवारी आली, आईकडे बघून पर्स न ठेवताच म्हणाली, आरशात बघितलंयस का स्वतःला? तिने चौकशी आधीच करून ठेवलेली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह होतं, तिथे खिडकीजवळची एक खाट रिकामी झाली होती. आधी थोडे दिवस म्हणून. मग बघू.

"त्यांना तिथे कोण समजणार?" मास्तरीण म्हणाली. "तिथे ते मुके होतील."

हीच गोष्ट होती. जागा कशी, जेवण कसं, लोक काय म्हणतील, यांतलं काहीच तिला टोचत नव्हतं. या जगात त्या शब्दाची एकच किल्ली होती आणि ती तिच्या कमरेला होती. ती त्यांना सोडून आली की ते सेट म्हणतील आणि समोरचा माणूस नुसतं हो हो करेल. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात. यांच्याकडे होतं ते सोनंसुद्धा कुणी हातात घेणार नव्हतं. लेक म्हणाली, तू एक दिवस तिथे बस, त्यांना शिकव. लेकीला सगळं सोपं वाटतं, बापावर गेलीय.

शुश्रूषागृह दुमजली होतं. व्हरांड्याच्या भिंतीला हाताच्या उंचीवर लाकडी दांडा लावलेला, हात लागून लागून चकाकणारा. फिनेलचा वास, त्याखाली सूपचा. मास्तरांची खाट वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाली एक गॅरेज दिसायचं, तिथे एक गाडी चाकं काढून ठेवलेली. मास्तरणीने आधी चादर बघितली. कोपरा उलटा केला, शिवण बघितली, नाकाजवळ नेली. डाग नाही, वास नाही, कोपरे ताणून बसवलेले. तक्रारीला जागा नाही म्हटल्यावर ती जास्तच खट्टू झाली. घरून आणलेली चादर पिशवीत तशीच राहिली.

त्या मजल्यावरच्या वॉर्डबॉयला सगळे पहिलवान म्हणायचे. चाळिशी उलटलेला, काटकुळा, फुंकर मारली तर उडेल असा माणूस; पण मास्तरांना त्याने चाकाच्या खुर्चीतून खाटेवर असं घेतलं की त्यांचा दुखरा खांदा कुठे अडकला नाही. मास्तरीण त्याला बाजूला घेऊन शिकवायला लागली. हे बघा भाऊ, आखूड म्हणाले तर पुरे. दोनदा म्हणाले आणि दुसरा चढला तर खिडकी. नाकातून आला तर... तो मान डोलवत होता. मग त्याने स्वतः म्हणून बघितलं, आणि त्याचा खिडकीचा सेट असा काही निघाला की खाटेवरून मास्तर हसले. मोठ्याने, खांदे हलवून. पहिलवान वळून म्हणाला, "सेट?" मास्तर म्हणाले, "सेट." तो म्हणाला, "सेट, सेट." दोघंही हसायला लागले.

मास्तरणीला आधी वाटलं टिंगल चाललीय. मग वाटलं, नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की घरी त्या शब्दावर कधी कुणी हसलेलं नव्हतं. गेलं वर्षभर ती तो नुसता सोडवत बसली होती.

जेवणानंतर मास्तर म्हणाले, सेट. लांबट, पायांकडे बघून. मास्तरीण अर्धी उठली, "अहो त्यांचे पाय..." आणि मोठ्या सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सिस्टर तिच्याच वयाच्या होत्या, आवाज खाली ठेवून बोलायच्या.

"बाई, तुम्ही सांगितलंत तर ते त्याच्याशी कशाला बोलतील?"

ती बसली. पहिलवानाने पाणी आणलं. नाही. उशी वर केली. नाही. खिडकी लावली, उघडली. मास्तरांच्या कपाळावर आठी चढली. उत्तर मास्तरणीच्या दाढांखाली होतं, ते आवरून धरून तिचा जबडा दुखायला लागला. पांघरूण पायांवरून काढा, एवढंच, टाचा तापतात त्यांच्या. पहिलवानाने मास्तरांच्या नजरेमागे नजर नेली, वाकला, पांघरूण घोट्यांपर्यंत गुंडाळलं. सेट, आखूड. तिला जे एका दमात कळायचं ते कळायला त्याला चहा थंड होईल एवढा वेळ लागला. पण कळलं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी काहीतरी दुसरं झालं, जे सांगायला तिच्याकडेही शब्द नव्हता.

खरा घाव संध्याकाळी बसला. ऊन उतरलं तसे मास्तर म्हणाले, सेट, मोठा उसासा सोडल्यासारखा. हा तर रोजचा. घरी रोज या वेळेला तो यायचा आणि त्याचा अर्थ तिला पाठ होता: आता मला आडवं करा. ती त्यांना आडवं करायची, दिवा मंद करायची, ते छताकडे बघत पडायचे, आणि तिला जरा पाठ टेकता यायची. हे तिने पहिलवानाला सांगितलं नव्हतं; सगळं कुठवर सांगणार. तो म्हणाला, "कंटाळलात ना मास्तर? चला." त्याने खुर्ची आणली आणि त्यांना व्हरांड्यात नेलं. तिथे आणखी चारपाच जण बसले होते, कुणी खोकत होतं, कुणी कालचीच गोष्ट पुन्हा सांगत होतं. एका म्हाताऱ्याच्या घोट्याला बँडेज होतं. मास्तरांनी ते बघितलं, डावा हात पुढे करून खूण केली, आणि त्या म्हाताऱ्याने पाय उचलून दाखवला. मास्तर बँडेज नीट बघत बसले. दुसऱ्यांदा सेट म्हणाले नाहीत.

मास्तरीण दारात उभी होती. म्हणजे वर्षभर तिने या माणसाला दिवस मावळायच्या आत झोपवलं. ते म्हणत होते मला माणसांत न्या, आणि तिला ऐकू येत होतं मला झोपवा, कारण झोप तिला हवी होती. दमलेल्या कानाला सोयीचंच ऐकू येतं. त्या किल्लीचा केवढा तोरा मिरवला होता तिने. तिला खूप लाज वाटली, आणि लाजेइतकंच हलकंही वाटलं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज.

जेवणं झाली. मास्तरांना खाटेवर टेकून बसवलं. सिस्टर सांगून गेल्या की उद्या येऊ नका, परवाही नको. त्यांना इथली सवय होऊ द्या आणि तुम्ही झोपा. व्हरांड्यात भांड्यांची ढकलगाडी खडखडत गेली. मास्तरीण खाटेच्या कडेला बसली होती, आणि तिने मास्तरांचं डावं मनगट घट्ट धरलं होतं. उठायचं म्हणून तिने दोनदा पिशवी उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "मला कळत होतं तुम्ही काय म्हणताय. मी मुद्दाम उठले नाही."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे; पण बोलून टाकल्यावर तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं आणि ती रडायला लागली. आवाज न करता, नाक ओढत, धुलाईखात्यातल्या बायका यंत्रांमागे रडायच्या तशी. "मी दमले हो," ती म्हणाली. "नको जाऊस म्हणालात तर नाही जायची. पण मी फार दमले."

मास्तर सेट म्हणाले नाहीत. त्यांनी आपलं मनगट तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेतलं. तिला वाटलं, रागावले. मग त्यांचा हात तिच्या मनगटाखाली आला. तळवा सपाट, बोटं सरळ बाहेर, कुठेही न टेकवलेली. तिच्या हाताचा सगळा भार त्यांनी तळव्यावर घेतला आणि ते थांबले.

हे तिने जिन्यामागच्या त्या खोलीत, कडक झालेली चादर काखेत धरून बघितलं होतं. मधे सोडता येत नाही हो. ती हललीसुद्धा नाही. त्यांचा तळवा उबदार होता, आणि सगळा भार एकाच चालत्या हातावर असूनही त्यांनी तो खाली जाऊ दिला नाही. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबलं. पहिलवान दारात आला, त्याने आत बघितलं, आणि परत गेला.

मग मास्तरांनी तिचं मनगट पांघरुणावर ठेवलं. मधल्या बोटाच्या पेराने त्यावर दोनदा वाजवलं. मान तिरकी केली, ऐकलं.

"सेट," ते म्हणाले, आणि हात काढून घेतला.

या शब्दाचा अर्थ तिला शोधावा लागला नाही. ती उठली. त्यांच्या पायांवरचं पांघरूण घोट्यांपर्यंत गुंडाळलेलं होतं, ते तिने उगीच एकदा नीट केलं. दारातून वळून बघितलं तर मास्तर खिडकीकडे बघत होते आणि दोनदा सेट म्हणत होते, दुसरा चढलेला, आणि ते तिला म्हणत नव्हते. मागून पहिलवान आला, तिच्या बाजूने आत शिरला, आणि सरळ खिडकीशी गेला.

बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. बसथांबा कोपऱ्यावर होता, चालत जाण्याजोगा. घरून आणलेली, न लागलेली चादर पिशवीत होती. मोठी, जाड, चांगल्यापैकी वजनदार. थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की ती पिशवी उजव्या हातात आहे, मास्तरांनी वाजवलेल्या. वाळायला दोन दिवस लागतात, ते प्रत्येकाला सांगायचे, पोरांना, म्हाताऱ्यांना, ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांना. तोवर यावर भार द्यायचा नाही. मास्तरीण दिव्याखाली थांबली आणि तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.